तपासणीची बाटली

पाणी-तपासणीच्या खिडकीपुढे बाकावर शिंपी आपली बाटली मांडीवर धरून बसला होता. शेजारच्या सासूसुनांकडेही तशीच बाटली होती. सासूच्या नातीचं, छकुलीचं पोट पंधरवडाभर बिघडलेलं आहे, हे त्याला न विचारताच कळलं होतं.

"आई, आपल्या नळाला एवढं नितळ पाणी कधी आलं?"

"नितळ दिसणारच. तुरटी फिरवली, दुहेरी फडक्यातून गाळलं, वर चांगलं खळखळून उकळलं."

"तपासायला आणायचं पाणी उकळलंत?"

"मग काय, गढूळ बाटली घेऊन चारचौघांत बसू? उद्या नाव होईल, यांच्या घरचं पाणी घाण."

"पाणी नळाचं आहे, आई. आपलं नाही."

"नळ कुणाच्या घरात आहे?"

"पण यात आता काही सापडणार कसं?"

"सापडू नये म्हणून तर सकाळपासून खपतेय."

"आणि छकुलीला सकाळी कुठलं पाणी दिलंत?"

"नळाचंच. ते कुठे कुणाला दाखवायचं होतं?"

सासूने बाटलीचं बूच उघडलं, पाण्याकडे पाहिलं आणि पुन्हा घट्ट लावलं.

"चल, ऊठ."

"कुठे?"

"घरी. हे छकुलीला होईल. नळाचं दुसऱ्या बाटलीत आणू."

"जसं येतं तसंच?"

"तसंच. बाटली पदराआड धरीन मी."

खिडकीतून शिंप्याला हाक आली.

"उद्या येतो," तो म्हणाला, आणि आपलीही तशीच नितळ केलेली बाटली पिशवीत घालून त्यांच्या मागोमाग जिना उतरला.