काकांना आवडलेला पिक्चर

आमच्या अमेरिकेतल्या शॉमबर्गमध्ये मराठी पिक्चर लागला ना, की पडद्यावरच्यापेक्षा बाहेरचा शो भारी असायचा, यार. आमचे वसंतकाका, रिटायर्ड सर्जन, थिएटरच्या दारातच निकाल द्यायचे. "भिकार! सेकंड हाफमध्ये पार झोपतो."

लगेच सुधाकाकू डोळे पुसत म्हणायच्या, "तुम्हाला मेलं कशात काही चांगलं दिसतं का?" मग पार्किंग लॉटपर्यंत नवरा-बायकोची जुंपायची. आम्ही थंडीत कुडकुडायचो, पण ते संपेपर्यंत कुणी गाडीत बसायचं नाही.

काकू गेल्यानंतर काका परवा पहिल्यांदाच पिक्चरला आले. मीच आग्रहाने घेऊन गेलो. पिक्चर इतका टुकार, की अर्धे लोक मध्येच फोन काढून बसले. बाहेर आल्यावर आम्ही सगळे काकांभोवती जमलो. म्हटलं, आता चिरफाड करतील, तेवढाच माणूस मोकळा होईल.

काका म्हणाले, "छान होता."

मी म्हटलं, "काका, काहीही काय! तो शेवट? हिरोची ती रडारड?"

"छान होता म्हटलं ना!" केवढ्यांदा ओरडले.

 गाडीत बसल्यावर सीट बेल्टशी खुडबुड करत हळूच म्हणाले, "अरे, मी वाईट म्हणायचो, कारण चांगलं म्हणायला ती होती. आता मी वाईट म्हटलं, तर तो बिचारा पिक्चर वाईटच राहील."