मागच्या खिशाच्या वर

सिस्टर : इंजेक्शन पुन्हा टोचा. हा नुसता स्पंज आहे.

शिंपी : सिस्टर, सुई काय मला नवी आहे? वीस वर्षं कपडे शिवतोय.

बायको : पण घाम बघा किती फुटलाय.

सिस्टर : शिवायच्या सवयीनेच चुकतंय. तुम्ही तुरपाई करताय. तिरकी नको, सुई सरळ आणि एका दमात जाऊ द्या. औषध मात्र सावकाश सोडा, तेलातलं दाट हार्मोन आहे. म्हणून बाटली आधी तळव्यात कोमट करायची. जागा आठवतेय ना?

शिंपी : पँटच्या मागच्या खिशाच्या वर, बाहेरचा कोपरा.

सिस्टर : वा. इतकं नेमकं आजवर एकाही नवऱ्याने सांगितलं नव्हतं. मग टोचताना का अडखळताय?

शिंपी : मागच्या खेपेला एक इंजेक्शन माझ्यामुळे चुकलं. लग्नाचे कपडे द्यायचे होते, हिला इथे दवाखान्यात आणलंच नाही. आणि मग गर्भ राहिला नाही.

बायको : अहो, हे मनात धरून बसला होतात?

सिस्टर : त्या एकामुळेच गेला, असं कुणी डॉक्टर सांगणार नाही. सगळं वेळेवर करूनही कधी कधी राहत नाही. गर्भ ठेवून आज तिसरा दिवस. तो रुजावा म्हणून हे औषध. रोज, ठरल्या वेळी, एवढंच आपल्या हातात.

शिंपी : आणि तपासणी?

सिस्टर : पुढच्या आठवड्यात. त्याआधी मनानेच निकाल लावून औषध बंद करायचं नाही. चला, आता खरं. ताई, उजव्या पायावरचा भार काढा.

(शिंपी तळव्यातली बाटली सिस्टरला दाखवतो, औषध भरतो.)

बायको : टोचण्याआधी सांगा हं.

शिंपी : टोचून झालं. औषध जातंय, हलू नकोस.

बायको : बाई गं.

सिस्टर : छान. कापूस दाबून धरा. उद्यापासून घरी जमेल, की कुणाला पाठवू?

बायको : नको, जमेल. अहो, उद्या कुठली बाजू?

शिंपी : डावी. सकाळी आठला.

बायको : आठला तर दुकान उघडता.

शिंपी : वेळेची पाटी बदलली. आता नऊला उघडतं.

बायको : कधी बदललीत?

शिंपी : परवा. गर्भ ठेवायला तुला आत नेलं होतं तेव्हा.