फडक्याखालचं नाव

बायांनो, बाप्यांनो, मास्तरांनी माईक हातात दिलाय. बोलायचं कसं ते मात्र कुणी दिलं न्हाय. जो गेला त्याच्याबद्दल बोलायला तुमच्यात सगळ्यात कमी तोंड मला हाय. म्हणूनच बोलते.

मेहबूब गेला. आपला पार्सलवाला मेहबूब. परवा दुपारी नळावर पाणी भरता भरता खाली बसला, तो उठलाच न्हाय.

देवमाणूस होता, असलं काय म्या म्हणणार न्हाय. हट्टी होता. माझी लेक हद्दीपल्याड कर्नाटकात दिलीय. तिचं पार्सल आलं की ह्यो दारात उभा राहून माझं नाव मोठ्यानं वाचणार, अंगठा घेणार, मगच पिशवी सोडणार. "मला वळखत न्हायस व्हय रं?" म्हणलं, तर म्हणायचा, "वळख निराळी, अंगठा निराळा, मावशी."

ह्याच्यापायीच आपण फसलो. ज्या पार्सल-कंपनीचा माणूस पापडाची पिशवी हरवत न्हाय, ती कंपनी आपल्या ठेवी काय हरवंल? कंपनीचे फॉर्म घेऊन मेहबूब आला, आपण ठेवी दिल्या. कंपनीचं नाव घेऊन म्या तोंड खराब करत न्हाय.

तो दसरा आठवतो का? कंपनीनं आपल्या म्हणून माळावर बारा ट्रका उभ्या केल्या होत्या. झेंडूच्या माळा, दारांवर कंपनीच्या नावाची फडकी. पूजेचं पहिलं कुंकू म्या लावलं. वारं सुटलं, फडकं उडालं, खाली रंगानं लिवलेलं दुसरंच नाव. मला वाचता येत न्हाय, पण अक्षरं येगळी हायत एवढं कळतं. म्या मेहबूबला हाक मारली. त्यो साहेबाला विचारून आला. "जुन्या मालकाचं नाव हाय मावशी, अजून रंग द्यायचाय." त्याला पटलं. मलाबी पटलं, हातात पेढा होता. त्याच आठवड्यात त्यानं बायकोच्या, शमीमच्या, बांगड्या मोडून ठेव ठेवली.

मागनं कळलं, ट्रका ऊस वाहणाऱ्यांच्या होत्या. एका दिवसाच्या भाड्यानं आणलेल्या. कंपनीच्या स्वतःच्या गाड्या दोनच. आपल्याच ठेवीतनं आपल्यालाच व्याज देत होते. एक दिवस ऑफिसला कुलूप. साहेब सापडला न्हाय. मेहबूब सापडला.

पारावर त्याला पहिलं चोर कोण म्हणलं? आठवा. म्या म्हणलं. फडकं मला ठाऊक होतं, बांगड्या ठाऊक होत्या. तरी म्हणलं. माझ्या शहाणपणाची मला लाज वाटत होती, ती त्याच्या डोक्यावर ठेवली. "मावशीनंबी बघितलं होतं," एवढं त्यो म्हणू शकला आसता. म्हणला न्हाय.

दुसऱ्या दिवशी दारात हजर. कंपनी बुडाली, पण गाडीतनं उतरलेली पार्सलं ह्याच्याकडं होती, ती वाटत फिरत होता.

"चोराच्या हातचं घेत न्हाय म्या."

"चोराचं न्हाय मावशी, लेकीचं हाय. अंगठा लावा."

लावला. पण पारावर जाऊन खरं बोलले न्हाय. तीन वर्षं झाली. त्यो जिवंत होता तवर बोलायला काय झालं होतं मला?

आता ऐका. उद्या काही जण वसुली म्हणून त्याच्या घराला कुलूप ठोकणार हायत, असं कानावर आलंय. आत शमीम इद्दतीत बसलीय, नवरा गेल्यावर त्यांच्यात बाई काही महिने घराबाहेर पडत न्हाय. आज इथंसुद्धा येऊ शकली न्हाय ती. कुठं जाईल? या तुमी कुलूप घेऊन. उंबऱ्यावर म्या बसलेली आसंन. फडक्याचं मला विचारा. पोलिसात लिहून द्यायचं आसंल तर मास्तरांनी लिवावं, अंगठा म्या लावते.

मेहबूब, तुझं पार्सल लई उशिरा पोचवलं रं बाबा.

उठा सगळे. दोन मिनिटं उभं ऱ्हा. चोर म्हणायला पहिलं माझं तोंड उघडलं होतं. आता मिटायलाबी पहिलं तेच.