बुधाजीच्या भाताभोवतीचं रीळ

मी, कोंडीराम हिरू विरले, वय ७६ वर्षे, धंदा शेती, पूर्वी फिरत्या टॉकीजमध्ये मशीन ऑपरेटर, रा. पोशीर, ता. कर्जत, जि. रायगड, समक्ष हजर राहून जबाब देतो की, वरील ठिकाणी मी एकटा राहतो. पत्नी सोनुबाई मयत आहे.

मला जुने इंग्रजी विनोदी सिनेमे जमवण्याचा नाद आहे. गाजलेले नाहीत, ते आता मोबाईलवरही दिसतात. ज्यांतल्या नटाचं नाव कोणाला ठाऊक नाही, तसले. बिचारा शिडीवरून पडून पडून गेला आणि जग त्याला विसरलं. निदान पोशिरात तरी तो पडत राहावा, एवढंच. तक्रारीतलं रीळ तसलंच आहे. सुरुवातीचा तुकडा तुटल्याने सिनेमाचं नाव माहीत नाही. पडद्याशेजारी उभी राहून सोनुबाई त्याचं मराठी सांगायची. इंग्रजी तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण अख्खा गाव हसायचा. तिच्यामागे मी ते लावलेलं नाही.

दि. १२ रोजी सकाळी ९ वाजता रिळाला आंबूस वास येतो म्हणून मी ते उलगडून आंब्याखाली दोरीवर वाऱ्याला टाकलं व नेरळला गेलो. दुपारी २ वाजता आलो तर रीळ नव्हतं. चोरी समजून तक्रार दिली.

आज हवालदार साहेबांसोबत शोधताना ते शेजारी बुधाजी याच्या भाताभोवती काठ्यांना बांधलेलं मिळालं. पाखरं बुजावीत म्हणून आमच्याकडे जुन्या कॅसेटची फीत अशीच बांधतात. मी त्यास शिव्या दिल्या. त्या येथे लिहू नयेत. तो म्हणाला, "वास मारत व्हतं रं! मला वाटलं, टाकून दिलंस. वैनीचं रीळ हाय, मला काय ठावं?"

मग त्याने फीत उन्हात धरली आणि बांधावरून चालत, चित्रामागून चित्र बघत बोलू लागला, "अरं मेल्या, शिडी हालतेय! बायको सांगत व्हती, नको चढू! गेला गं बाय, चिखलात गेला!"

चित्रात चिखल नाही, चुन्याची बादली आहे. सोनुबाई दर खेळाला हीच चूक करायची. मला वाटलं होतं, तिचं ते बोलणं तिच्याबरोबरच गेलं. बुधाजीला चुकीसकट तोंडपाठ आहे. मला रडू आलं.

रीळ चरे पडून खराब झालं आहे, मशीनवर चालणार नाही. माझी बुधाजीविरुद्ध काही तक्रार नाही. रीळ मुद्देमाल म्हणून ठाण्यात ठेवू नये, भात कापेपर्यंत तिथेच राहू द्यावं. शेवटचा प्रसंग खालच्या बांधावर आहे, तो ऊन उतरायच्या आत आम्हा दोघांना बघायचा आहे.

जबाब मला मराठीत वाचून दाखवला. "रडू आलं" हे शब्द साहेबांनी गाळले होते, ते घालून घेतले. आता माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.