हात आत घ्या, आत्याबाई

मी मूळची उमरेडची, विणकराच्या घरातली, दिवसभर मागाचा खटखटाट ऐकत वाढली अन् लगन होऊन गेली ते पार जंगलाच्या काठाले, जिथं पान पडलं तरी ऐकू येते. मालक वारले, मंग पोरगा शेती पाहे अन् मी नागपूरले आली, हुडकेश्वरले ही पोह्याची गाडी लावली. पोह्यावरची झणझणीत तर्री माझ्याच हातची. आता खांदा धरते, तर्रीचं मोठं भगोनं उचलवत नाही, म्हणून घरात ठरलं होतं का धान निघालं की सून गाडीवर येईन. संगीता तिचं नाव. सगळं ठरलं होतं, काय सांगू तुम्हाले.

अन् मधातच आमच्या गावाजवळ व्याघ्र प्रकल्प झाला. नवं गेट, नवी कमान, रंगही वाळला नव्हता. वनखात्यानं गावच्या पोरी गाइड म्हणून घेतल्या, त्यात आमची संगीता. पोराचा फोन आला, आई, ती येत नाही म्हणते. म्हटलं काहून येत नाही, न्यायलेच येऊन राहिली मी. एसटी धरली अन् गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावच्या बायांले एक फेरी होती, पहिले तुम्ही पाहा, मंग पाहुणे, असं वनखात्याचा साहेब म्हणे. ज्या जंगलात आम्ही मोहफुलं वेचली, सरपण आणलं, तिथं आता कमानीखालून विचारून जायचं, हे मले पटलं नाही अन् अजूनही पटत नाही, लिहा तुम्ही हे. पण खोटं काहून बोलू, त्या उघड्या जिप्सीत सगळ्यात पहिले मीच चढली. आम्ही पाच बाया, ठेवणीतली लुगडी नेसून. बेबीकाकू, माझी चुलतसासू, सगळ्यात म्हातारी, ती तर चिवड्याचा डबा घेऊन आली. संगीता खाकी शर्टप्यांटात. काकू म्हणे, काय वं, सून आहे का शिपाई. संगीता हसली, म्हणे काकू, चिवडा आत चालत नाही, ठेवा इथं. काकूनं डबा ठेवला, पण तोंड काही बंद केलं नाही.

आत एका झाडापाशी गाडी थांबवली अन् संगीता आमच्याकडं तोंड करून सांगाले लागली, हे तेंदूचं झाड. आम्हाले सांगते, तेंदूपत्ता तोडून हात काळे झाले त्या बायांले. शेजारची रुखमा म्हणे, पोरी, आता आमची चूलही आम्हाले दाखव. गाडीभर हसलो.

अन् समोर देव उभा. आमच्यात जंगलात वाघाचं नाव घेत नाहीत, देव म्हणतात, बोट दाखवत नाहीत, ओरडत नाहीत, डोक्यावर पदर घ्यायचा अन् हात जोडायचे. पाचही जणींनी तेच केलं. ड्रायव्हर आमच्याच गावचा, त्यानंही स्टिअरिंग सोडून हात जोडले. संगीता देवाकडं पाठ करून तेंदूवरच बोलून राहिली. पण या पाच बाया एकदम गप कशा झाल्या, असं तिच्या मनात आलं असंन, ती वळली.

काय सांगू तुम्हाले, एवढा पिवळा, एवढा जवळ, मिशा मोजता आल्या असत्या. अंगावर काटा, डोळ्यांत पाणी अन् वरून हसूही येऊन राहिलं. आता देव असा समोर आला तर भुईवर डोकं टेकवायचं असते, म्हणून बेबीकाकू उठली अन् उतराले लागली. एक पाय बाहेर. मीही बाहेर वाकून तिले हात देऊन राहिली, बोला. संगीतानं काकूचा दंड धरला. आवाज चढवला नाही. म्हणे, काकू, बसा, पाया इथूनच पडा. अन् मले म्हणे, आत्याबाई, हात आत घ्या. लगन होऊन आली तेव्हापासून ती मले कधी असं बोलली नव्हती. मी हात आत घेतला. काकू बसली. संगीताचे डोळे देवावर, हात काकूच्या दंडावर. देवानं आमच्याकडं पाहिलं, कंटाळला, रस्ता ओलांडून झाडीत गेला. मंग आम्ही सगळ्या एकदमच बोलाले लागलो.

परत आलो तं पोरगा गेटवर उभा. म्हणे आई, बोल, नेऊन राहिली का हिले. रस्ताभर मी तेच घोकत होती, नेईन म्हणाचं. म्हटलं, नेऊन काय करू, हिनं गिऱ्हाइकाले असं दंड धरून खाली बसवलं तं पोहे कोण खाईन. पोरगा म्हणे, मंग तुझा खांदा. म्हटलं, खांदा माझा आहे, माझं मी पाहीन. तू सकाळी उठून चहा मांडत जा, तिले गेटवर वेळेवर जायचं असते. संगीतानं काकूचा डबा उघडून पहिली मूठ मले दिली.

आता भगोनं लहान घेतलं, दोनदा चढवावं लागते, लागू द्या. गावातली काही माणसं म्हणतात, गाइड होणं बाईचं काम आहे का. म्हणोत. सकाळी गाडी लावताना मनात येते, आता ती आत गेली असंन. देव तिले रोज दिसो, अन् रोज आपल्या वाटेनं जावो.