फुगा म्हणजे काय

नाही, नाही, तो तक्ता आधी खाली ठेवा — उडत्या तबकड्यांच्या तक्रारींची सरकार चौकशी कशी करतं, हा तुमचा सगळा प्रबंध त्या आकड्यावर उभा असेल तर बाई, तो आडवा होणार. शंभरातले एकसष्ट फुगे? अहो, हवामान खात्याने तेवढे सोडले तरी होते का? सांगते ना. तक्रार आली की तीस दिवसांत निकाली काढायची, आणि ‘कारण’ हा रकाना रिकामा ठेवायचा नाही — साहेबांचा नियम. मग कारण सापडलंच नाही तर आम्ही कारकुनांनी काय लिहायचं? फुगा. आमच्या खोलीत फुगा म्हणजे ‘माहीत नाही’. खरा असला तर ‘हवामान-फुगा’, असं पूर्ण लिहायचो. आम्हा तिघींना कळायचं, बास. पुढे कोणी मोजदाद करेल हे कुणाच्या ध्यानीमनी होतं?

हसू नका. वरच्या मजल्याला ते कळत नव्हतं, तिथेच तर घोळ झाला. त्या वैमानिकाचा कागद आहे ना तुमच्याकडे — भर दुपारी विमानाशेजारून चार मिनिटं काहीतरी उडत होतं म्हणणारा? त्यावर फुगा लिहिणारी मीच. का म्हणजे? ‘उलगडा नाही’ लिहिलं असतं तर त्याला समितीपुढे उभं केलं असतं, वेड्यात काढलं असतं. वाटलं, प्रकरण इथल्या इथे मिटेल. आणि वरच्यांनी काय वाचलं? ज्याला साधा फुगा ओळखता येत नाही, त्याच्या हाती विमान कसं द्यायचं. उतरवला त्याला. कायमचा. बावीस वर्षं विमान उडवलेला माणूस, गोदामात खोकी उचलायला लागला हो.

तो माझा कोण? ... भाऊ. सख्खा, थोरला. आता बोलून बसलेच आहे तर ऐका — त्याला हे ठाऊक नाही, आणि तुमच्या प्रबंधातून ते कळता कामा नये. दर रविवारी जेवायला येतो माझ्याकडे, एकोणीस वर्षं. ते अक्षर माझं आहे हे कुठेही छापू नका, पाया पडते तुमच्या. कागद अभिलेखागारातच राहू दे — तिथूनच मिळाला ना तुम्हाला?

मग कोणी दिला?

दादाने? ... उड्डाणबंदीच्या हुकुमाला प्रत जोडली होती? म्हणजे तेव्हापासून त्याच्याजवळ — पण माझं अक्षर तर तो... अक्षर गिरवायला लहानपणी त्यानेच तर मला —

तुम्ही निघा आता. नाही, पाणी नको, काही नको. निघा. तो येईल एवढ्यात.