कढईचा तुटका कान

योग्यकार्ताच्या दवाखान्यात तुमिनी आजी नंबराची चिठ्ठी धरून बसल्या होत्या. एका बाजूला अ‍ॅल्युमिनियमच्या कढया ओतणारे वार्सितो होते, दुसऱ्या बाजूला पाय भाजलेली, टेंपे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या तळून विकणारी लास्मी. तिने रुमालातून कढईचा तुटका कान काढला.

"काका, हा का तुटला असेल? ज्याने केली तो म्हणतो, मीच आपटली. शुक्रवारी लग्नाचं तळण आहे, आणि तो बदलून देत नाही."

"आपटली कसली? तुटलेली बाजू बघ, साखरेसारखी चमकते."

"चमकणं वाईट?"

"वाईटच. यात सिलिकॉन असतं. ओतलेलं सावकाश निवलं, की आत त्याच्या मोठमोठ्या सुया होतात. तडा त्यांच्यावरूनच पळतो. लवकर निवलं तर दाणा बारीक राहतो, मग कान असा मोडत नाही."

"पण कान चांगला जाडजूड आहे की."

"जाड म्हणूनच उशिरा निवला. ज्याला एवढं कळत नाही, त्याने चुलीतली राख उपसावी."

"म्हणजे चूक ओतणाऱ्याची?"

"त्याचीच. वर गिऱ्हाइकाला नावं ठेवतो, निलाजरा."

"मी जावयाला पाठवलं होतं, तर कान हातातही न घेता त्याला म्हणाला, तुम्हीच आपटली. आजी, काका काय म्हणाले ते ऐकलंत ना?"

"सगळं ऐकलं बाई."

"काका, आता कान उलटा करा. मागे शिक्का आहे, नाव वाचा."

वार्सितोंनी कान उलटा केला. चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

"केवढी कढई हवी तुला?"

"तेवढीच. दाणा मात्र बारीक."

"नंबर बेचाळीस!" आतून हाक आली.

"माझाच आहे," तुमिनी आजी बसल्या जागेवरून म्हणाल्या, "पुढच्याला जाऊ द्या."